रिपीट

जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात
मी नक्षी काढते.
चार फूट बाय सहा, रंग फक्त पाच,
आणि गोलाई येत नाही.
मशीनला पायऱ्या कळतात, वळण कळत नाही,
म्हणून माझ्या मोराची मानसुद्धा
जिना उतरल्यासारखी.

वारके शेठ म्हणतात, लग्नसराई आली,
काहीतरी नवीन द्या, मॅडम.
मग कागदावर कमळ, कारंजं, पुन्हा कमळ.
सुभान तडवी मशीन पुसता पुसता म्हणतो,
"ताई, हे मागच्या सालीपण फुललं होतं."

म्हणून पिशवीत एक वही असते,
चौकडीची, शाळेच्या गणिताची.

रावेरच्या रस्त्याला, घड उतरवल्यावर,
केळीचा बुंधा आडवा पडला होता.
कापलेल्या तोंडाशी मी गुडघ्यांवर बसले:
आत खोल्याच खोल्या, भिंतीला भिंत,
प्रत्येक खोलीत पाणी,
राहत कोणीच नाही.
त्या पानावर चिकाचे डाग अजून आहेत,
केळीचा डाग कुठे जातो!
सात हजार चटया गेल्या त्या नक्षीच्या.
शेठनी तिचं नाव ठेवलं, ताजमहाल.

भुसावळच्या अलीकडे गाडी अडते
तेव्हा लोक शेंगा सोलतात, मी रूळ मोजते.
एकाचे दोन, दोनाचे पाच, पुन्हा एक,
आणि विंचरताना सुटलेल्या बटेसारखा
एक रूळ गवतात जाऊन संपतो.
तो जमला नाही.
संपणारी रेघ मशीनला सांगायची कशी?
तसेच खापरावरच्या मांड्याचे करपलेले ठिपके.
नणंदेच्या लग्नात अर्धं पान भरलं त्यांनी,
मग कोणीतरी तो मांडाच वाढून टाकला.

फेब्रुवारीत नंदुरबारला गेले होते,
मिरचीच्या पथारीवर.
पदर नाकाला लावून बघत होते तो लाल:
वरचा ताजा, खालचा काळपट,
मधे कुठे देठ पिवळा पडलेला.
शिंकत शिंकत लिहिलं,
एक लाल पुरत नाही.

कडेला बाभळीखाली एक बाळ झोपलं होतं.
त्याच्या अंगाखाली माझी चटई.
तीच, केळीच्या खोल्यांची.
मधोमध उंदरानं कुरतडलेली,
आणि त्या भोकावर खताच्या गोणीचा तुकडा,
निळ्या सुतळीचे टाके,
तिरके, घाईचे, एक लांब, तीन आखूड,
कोपऱ्यात गोणीवरचा छापील पन्नास, उलटा.
माझ्या रिकाम्या खोल्यांत
पहिल्यांदाच कोणी राहायला आलं होतं.

सुपडाबाई मिरच्या पालथ्या करता करता थांबली.
"फाटेल शे ती. तिले काय दखस?"
मी म्हटलं, ही मी काढली.
म्हणजे चटई की भोक,
तिनं विचारलं नाही.
बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली
आणि पुन्हा त्या लालात वाकली.

सोमवारी शेठसमोर वही ठेवली.
टाके मोजून काढले होते, आकडासुद्धा.
शेठ चष्मा काढून बघत राहिले.
"हे चुकलेलं दिसतं, मॅडम.
गिऱ्हाईक परत आणून देईल."

खरं आहे.

सुभाननं मात्र जेवणाच्या सुट्टीत
कोणाला न सांगता पाच फूट विणून पाहिलं.
ठिगळ आलं.
मग हातभर अंतरावर तेच ठिगळ,
तोच लांब टाका, तोच उलटा पन्नास,
मग पुन्हा. पुन्हा.
मशीन अगदी ठरल्याप्रमाणे चुकत गेलं.

तो तुकडा आता कारखान्याच्या दारात आहे,
पाय पुसायला.
एक बाजू उसवत चालली आहे.
मी रोज आत येताना बघते,
अजून कोणी शिवलेली नाही.